डावीकडे वळलेली मान

"बाई, तुमी खिडकीकडे काऊन पाहून राह्यल्या?"

चौथीच्या वर्गात पुढच्या टाटपट्टीवर बसणाऱ्या एका मुलीनं हे विचारलं, तेव्हा मला वाटलं ती गंमत करते आहे. मी फळ्यावर भागाकार मांडत होते. खिडकी माझ्या डाव्या हाताला होती. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. एक बाभूळ आणि तिच्याखाली बांधलेली शेळी. पण मी खरंच तिकडे बघत होते. मान सरळ केली, भाजक लिहिला, आणि पुन्हा शेळी दिसली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिशीत होते. देवळीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी आठ वर्षं झाली होती. नवरा वर्ध्याच्या एका जिनिंग गिरणीत कापसाच्या वजनकाट्यावर होता. सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळच्या बसनं यायचा. घरी सासूबाई आणि माझी चार वर्षांची मुलगी. बाकी सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मला तसंच आवडत होतं.

दिवाळीपर्यंत मान माझी राहिली नाही. हनुवटीला दोरी बांधून कोणी डाव्या खांद्याकडे ओढतं आहे, असं दिवसभर वाटायचं. मी सरळ बघायला गेले की दोरी आणखी ताणायची आणि डोकं थरथरायचं. उजव्या बाजूची शीर वेणीसारखी फुगून वर यायची. फक्त झोपेत सगळं सैल पडायचं. सकाळी जाग आल्यावर दोन-चार मिनिटं मान जागेवर असायची. त्या मिनिटांत मी वरच्या आढ्याकडे नीट बघून घ्यायची. उठून चुलीपाशी गेले की पुन्हा तेच.

वरण वाढताना ते ताटाबाहेर पडू लागलं. बस स्टँडच्या रस्त्यावर उजवीकडून येणारं मला दिसायचं नाही, एकदा सायकलवाल्यानं धडक दिली आणि वर मलाच म्हणाला, "इकडं पाहा ना बाई, तिकडं का पाहता?" समोरचा माणूस बोलायला लागला की मी त्याच्याकडे पाठ फिरवते आहे असं त्याला वाटायचं. बायका म्हणायच्या, मास्तरीण झाली म्हणून हिला आता माणसांकडे बघायला नको.

सासूबाई रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून माझी मान चोळायच्या. त्यांच्या हातात जोर होता आणि मायाही होती, हे मी आधी सांगितलं पाहिजे. महिनाभर चोळूनही फरक पडेना, तेव्हा त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"हे साधं दुखनं नाई," त्या म्हणाल्या. "तुले बाहेरचं लागलं. मी भगताले सांगून ठेवलं, रविवारी येते थो."

"आई, मला काही लागलेलं नाही."

"ज्याले लागते त्याले समजत नाई, बाई."

रविवारी भगत आला. लिंबू, हळद, कुंकू, मोरपिसांचा झाडू असं सगळं घेऊन. ओसरीवर शेजारच्या चार बायका आधीच येऊन बसलेल्या. त्यानं मला पाटावर बसायला सांगितलं आणि केस मोकळे सोडायला सांगितले. मी आत गेले, चहा केला, त्याच्यासमोर कप ठेवला आणि उभीच राहिले.

"चहा घ्या आणि जा," मी म्हटलं. "माझी मान वाकडी आहे, डोकं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. "पाहा, कशी बोलून राह्यली थे आतली," तो म्हणाला.

"आतली-बाहेरली एकच आहे. शाळेत येऊन विचारा, मस्टरवर माझीच सही असते."

एक बाई पदर तोंडाला लावून हसली. भगतानं चहा मात्र सोडला नाही. सासूबाई त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तेल चोळणंही बंद झालं, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

मग डॉक्टर सुरू झाले. वर्ध्यात एकानं गळ्याला कडक पट्टा दिला. मान पट्ट्याच्या आतच वळायची आणि हनुवटीखालची कातडी सोलून निघायची. दुसऱ्यानं खाटेवर निजवून डोक्याला वजनं टांगली. तिसऱ्याच्या गोळ्यांनी मला वर्गात डुलक्या येऊ लागल्या, तेव्हा त्या मी मोरीत टाकल्या.

त्याच सुमारास मला एक गोष्ट सापडली. शाळेत पेपर तपासताना मी सहज हनुवटीच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं, आणि मान सरळ झाली. जोर लावला नव्हता, ढकललं नव्हतं. नुसतं टेकवलं होतं. बोट काढलं की मान वळायची, टेकवलं की परत यायची. मला इतका आनंद झाला की ती तपासणी मी एका बोटावर पूर्ण केली. हे बोट पुढे माझ्यावर उलटेल असं तेव्हा वाटलं नाही.

नागपूरला एका मोठ्या डॉक्टरांचं नाव झालं होतं. नवऱ्यानं रजा काढून मला तिथं नेलं. डॉक्टर वयानं मोठे, बोलायला गोड. त्यांनी माझे हात-पाय तपासले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. मीच उत्साहानं त्यांना सांगितलं, "डॉक्टरसाहेब, बोट लावलं की थांबतं." आणि लावून दाखवलं.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. माझ्याशी बोलणं तिथं संपलं. पुढचं सगळं ते माझ्या नवऱ्याशी बोलले.

"देखा आपने? एका बोटानं मान सरळ होते. खरोखर शिरेचा आजार असता तर बोटानं थांबला असता का? हा मनाचा खेळ आहे. हिस्टेरिया म्हणतात याला. शिकलेल्या बायकांमध्ये होतो. दुसरं मूल होऊ द्या, घरात रमू द्या, आपोआप जाईल."

त्यांनी कागदावर तो शब्द इंग्रजीत लिहिला आणि खाली रेघ मारली. मला इंग्रजी वाचता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या दिवसापासून नवऱ्याला एक सवय लागली. घरी कोणी आलं, लग्नाला गेलो, रस्त्यात कोणी भेटलं की तो हळूच म्हणायचा, "लाव ना बोट. लोकं पाहून राह्यले." मी लावायची. पण बोट लावून भाकरी थापता येत नाही, पोर कडेवर घेता येत नाही. आणि आता पाच-दहा मिनिटांनी बोटाचाही उपयोग संपायचा. त्याला वाटायचं, हिला सरळ व्हायचंच नाही. तो वाईट माणूस नव्हता. मोठ्या डॉक्टरनं सांगितलेलं खरं मानणारा माणूस होता.

एका संध्याकाळी माझा भाऊ जेवायला होता. मी वाढत होते. नवरा म्हणाला, "लाव ना बोट."

मी पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही आज एक करा," मी म्हटलं. "मान डाव्या खांद्याकडे वळवा आणि तशीच ठेवा. जेवण होईपर्यंत. जेवण तेवढं पूर्ण करा, बाकी काही मागत नाही."

"काही काय बोलून राह्यली?"

"डॉक्टर म्हणाले ना, मनाचा खेळ आहे. मग खेळा."

भाऊ खाली मान घालून भात कालवत राहिला. नवऱ्यानं रागानं मान वळवली आणि खायला लागला. पहिले चार घास ठीक गेले. मग भाजी ताटाऐवजी पाटावर पडली. पाणी पिताना ते गालावरून सदऱ्यात गेलं. अर्ध्या भाकरीनंतर त्याच्या मानेची शीर थरथरू लागली. माझी थरथरते तशीच. त्यानं जेवण पूर्ण केलं, कारण तो हट्टी होता. मग हात धुतले आणि उजव्या हातानं मान चोळत बराच वेळ अंगणात उभा राहिला.

त्यानंतर 'लाव ना बोट' हे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. रस्ता ओलांडताना तो माझ्या उजव्या बाजूला चालू लागला, तोही तेव्हापासूनच.

शाळेतली लढाई लांबली. तपासणीला आलेल्या एका साहेबानं हेडमास्तरांना सांगितलं की अशा बाईंमुळे मुलांच्या मनावर परिणाम होतो. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. माणूस भला होता, पण भित्रा.

"लांब रजा टाका ना, बाई. तब्येत सुधारली की या."

"रजा कशासाठी टाकू? एकही तास चुकवलेला नाही."

"साहेबाचं म्हणणं आहे की मुलं घाबरतात."

"कोणतं मूल घाबरतं, नाव सांगा."

त्यांनी टेबलावरचं हजेरीपत्रक उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"मग साहेबांना म्हणावं, तसं लिहून द्या. की या बाईंची मान डावीकडे आहे, म्हणून या भागाकार शिकवू शकत नाहीत. मी तो कागद फ्रेम करून वर्गात लावते."

लिहून कोणीच दिलं नाही. पण वर्ध्याच्या सरकारी डॉक्टरांकडून प्रकृतीचा दाखला आणा, असं पत्र आलं. मी गेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "फळा दिसतो का?" मी म्हटलं, "फळा दिसायची गरज मला नाही, पोरांना आहे." ते हसले आणि त्यांनी दाखला दिला.

ते मी चिडून बोलले होते, पण बसमध्ये बसल्यावर त्यावर विचार करत राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्या टाटपट्ट्या उचलायला लावल्या. फळा जिथं होता तिथंच. मुलांना मी त्याच्यासमोर बसवण्याऐवजी माझ्या डाव्या हाताला, खिडकीच्या बाजूनं तिरपं बसवलं. आता मी फळ्यासमोर उभी राहिले की हात फळ्यावर आणि तोंड मुलांकडे. बाकीचे मास्तर फळ्यावर लिहायला लागले की मागं पोट्ट्यांची मारामारी सुरू व्हायची. माझ्या वर्गात ती सोय राहिली नाही. न बघता सरळ ओळ लिहायला मला चार महिने लागले. आधी अक्षरं उतारावरच्या बैलगाडीसारखी खाली घसरायची, मुलं ओरडायची, "बाई, वर, वर घ्या!" आणि मी हात वर घ्यायची. चौथ्या महिन्यात ओरडणं थांबलं.

त्या वर्षी माझा वर्ग गणितात केंद्रात पहिला आला. साहेब पुन्हा आले, तेव्हा दारातूनच बघून गेले.

अशी सात-आठ वर्षं गेली. मी सुखात होते असं म्हणणार नाही. संध्याकाळी मान इतकी ठणकायची की मी भिंतीला डोकं दाबून बसायची. फोटो काढणं मी बंद केलं. नातेवाइकांच्या लग्नात मंडपाच्या उजव्या कोपऱ्यात बसायची, म्हणजे सगळ्यांना वाटावं मी नवरा-नवरीकडे बघते आहे. पण नोकरी सोडली नाही, दुसरं मूलही होऊ दिलं नाही. औषध म्हणून कोणी मूल जन्माला घालत नाही, हे मी नवऱ्याला एकदाच सांगितलं, आणि तो हो म्हणाला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सासूबाईंचा उजवा हात कापू लागला. वर्ध्याला मेंदूच्या आजारांचं शिबिर होतं. नागपूरहून एक तरुण डॉक्टर येणार होते. परदेशात शिकून नुकतेच आलेले. मी सासूबाईंना घेऊन गेले. त्यांनी सासूबाईंचा हात पाहिला, त्यांना चालून दाखवायला सांगितलं, गोळ्या लिहिल्या. पण मधूनमधून त्यांची नजर माझ्यावर येत होती. मला त्याची सवय होती. मी म्हणणारच होते की पेशंट त्या आहेत.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही हनुवटीला बोट लावलं की मान सरळ होते का?"

आठ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जे काही सांगितलं होतं ते मीच सांगितलं होतं, आणि पस्तावले होते.

"नाही," मी खोटं बोलले.

"थे खोटं बोलून राह्यली, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "होते सरळ. म्या सोता पाह्यलं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची सरकवली, माझ्या अगदी डावीकडे, म्हणजे मला त्यांचा चेहरा दिसेल अशी. एवढंही आजवर कोणी केलं नव्हतं.

"या आजाराला डिस्टोनिया म्हणतात," ते म्हणाले. "मेंदूच्या आत खोलवर हालचालींची जुळणी करणारा भाग असतो. तिथून मानेच्या काही स्नायूंना आवळण्याचा हुकूम जातो, तुम्हाला नको असताना. बोटाचा स्पर्श झाला की तो हुकूम थोडा वेळ अडतो. का अडतो ते अजून नीट कळलेलं नाही. पण बोटानं मान सरळ होणं ही या आजाराची खूण आहे. तुम्ही ढोंग करत नाही याची ती खूण आहे."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

"हे लिहून द्या," मी म्हटलं.

त्यांनी लिहून दिलं. मी म्हटलं, "मराठीतही द्या." त्यांनी तेही दिलं. घरी येताना सासूबाईंनी बसमध्ये खिडकीची जागा धरली. आठवडी बाजारासारखी बस भरली होती, मी त्यांच्या शेजारी अंग चोरून बसले होते. मध्येच त्या म्हणाल्या, "मंग थो भगत फुकटच चहा पिऊन गेला म्हना." दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट तेलाची वाटी पुन्हा दिसली. कापऱ्या हातानं त्या चोळत होत्या, आणि मी चोळू दिलं.

पुढच्या रविवारी मी एकटीच नागपूरला गेले. मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावला. ते आता बरेच थकले होते. मी त्यांचा जुना कागद टेबलावर ठेवला, रेघ मारलेला शब्द वर करून. त्याच्याशेजारी नवा कागद ठेवला.

त्यांनी दोन्ही वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आमच्या वेळी हे असं शिकवायचे," ते म्हणाले. "मनाचाच आजार म्हणायचे याला."

"मीही शिकवते, डॉक्टरसाहेब. माझ्याकडून फळ्यावर चूक लिहिली गेली तर मी सगळ्यांसमोर ती पुसते."

ते माझ्याकडे बघत राहिले. या वेळी माझ्याकडे; बरोबर नवरा नव्हताच.

"काय करू म्हणता?"

"तो शब्द खोडा आणि शेजारी सही करा."

मला वाटलं होतं ते मला बाहेर काढतील. त्यांनी पेन काढलं. शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि सही केली. मग हळूच विचारलं, "नोकरी चालू आहे?" मी म्हटलं, "चालू आहे. मुलगी एकच आहे." त्यांना त्याचा अर्थ कळला की नाही, कोण जाणे. मी दोन्ही कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि जिना उतरले.

तरुण डॉक्टरांनी एका औषधाबद्दल सांगितलं होतं. हवाबंद डब्यातलं अन्न नासलं की त्यात कधीकधी एक जंतू वाढतो. त्याचं विष पोटात गेलं तर माणसाचे स्नायू लुळे पडतात, श्वासही थांबतो. बोट्युलिनम टॉक्झिन त्याचं नाव. तेच विष अगदी कणभर, आवळलेल्या स्नायूत सुईनं सोडलं तर तेवढाच स्नायू सैल पडतो. परदेशात मोजक्या ठिकाणी असे उपचार सुरू झाले होते. आपल्याकडे हे विकत मिळत नव्हतं. त्यांच्या तिथल्या गुरूंकडून एखादी कुपी मागवता येईल, पण सरकारी परवानगी लागेल, वेळ लागेल.

"हा कायमचा इलाज नाही," ते म्हणाले. "फार तर तीन-चार महिने टिकतो. काही दिवस गिळायला त्रास होऊ शकतो. आणि कदाचित काहीच होणार नाही. विचार करा."

"केला," मी म्हटलं.

परवानगीला जवळजवळ वर्ष गेलं. तोवर देवळीभर बातमी झाली की मास्तरीणबाई विष टोचून घेणार आहे. "आमच्या घरात फवारनीचं औषध आहे, थे देऊ का?" असं एका शेजाऱ्यानं ओट्यावरून विचारलं. मी म्हटलं, "आधी तुमच्या जिभेवर मारा, किती सैल पडते ते बघू." सासूबाईंनी मात्र जेवण टाकलं. "इख थे इखच," एवढंच म्हणाल्या. त्यांना मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावलं की मिठाचा एक कण आणि मिठाचं पोतं यात फरक असतो. मग त्या जेवल्या.

कुपी बर्फात आली, थर्मासमध्ये. दवाखान्यात संमतीचा कागद पुढे केला तो नवऱ्यासमोर. नर्स म्हणाली, "मिस्टरांची सही लागते."

"मान कोणाची आहे?" मी विचारलं.

नवऱ्यानं कागद माझ्याकडे सरकवला. "थेच करन सही," तो नर्सला म्हणाला. "मीनं एकडाव जेवनापुरती वाकडी करून पाह्यली मान. मले झेपली नाई." सही मी केली. बोट हनुवटीला लावून, अक्षर सरळ यावं म्हणून.

डॉक्टरांनी बोटांनी चाचपून स्नायू शोधले. उजवीकडची ती फुगलेली शीर, जिला मी शीर म्हणत होते, ती स्नायू होती. मान डावीकडे वळवणारी तीच. दुसरा स्नायू डावीकडे, मागे. दोन सुया पुढं, तीन मागं. मुंगी चावावी तेवढं दुखलं. मी उठून बसले आणि मान वळलेलीच होती.

पाच दिवस काही झालं नाही. शेजारी विचारायचा, "मग, विष चढलं का?" आठव्या दिवशी मी सूप घेऊन तांदूळ निवडत होते. खडे काढता काढता लक्षात आलं की मी सुपात बघते आहे. समोर. दोन्ही डोळ्यांनी. दोन्ही हात सुपावर होते, हनुवटीला कोणी शिवलं नव्हतं. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. तांदूळ संपेपर्यंत निवडत राहिले. मग आत गेले आणि नवऱ्याच्या समोर, अगदी समोर उभी राहिले. तो वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "अवो, तुह्या कपाळावर पांढरे केस आले."

पुरती सरळ नव्हती मान. थोडी तिरकी राहिलीच. कोरडी भाकरी दोन आठवडे घशात अडकायची, वरणात बुडवून गिळावी लागायची. पण ठणका गेला. मी मुलीच्या वेणीचा भांग सरळ पाडला. ती तेरा वर्षांची झाली होती, म्हणाली, "आई, पहिल्यांदाच मधोमध पडला." सासूबाई गावभर सांगत होत्या की त्यांचा नवस पावला. मी हरकत घेतली नाही. वर्गात मात्र टाटपट्ट्या तिरप्याच ठेवल्या. हेडमास्तरांनी विचारलं, आता कशाला? मी म्हटलं, पाठ न दाखवता शिकवायची सवय लागली आहे.

चौथ्या महिन्यात दोरी पुन्हा ताणली. एका सकाळी चहा गाळताना तो ओट्यावर सांडला आणि मला कळलं. त्या दिवशी मी शाळेत जाताना नेहमीच्या गल्लीतून गेले नाही, मुद्दाम बाजारातून गेले. बघायचं त्यांनी बघून घ्यावं. "उतरलं का औषध?" दुकानदारानं विचारलं. "उतरलं," मी म्हटलं. "पुन्हा चढवीन."

पुढची कुपी कधी येईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. त्याच काळात सेलूहून एक पत्र आलं. एका शिक्षकानं आपल्या वहिनीबद्दल लिहिलं होतं. तिचे डोळे आपोआप मिटतात, उघडता उघडत नाहीत. घरचे म्हणतात ती कामचुकारपणा करते. मी शाळेला सुट्टी पाहून गेले. पस्तिशीतली बाई, भिंतीच्या आधारानं घरात वावरत होती. डोळे धडधाकट, पण पापण्या मुठी आवळल्यासारख्या. बोलताना दोन बोटांनी पापणी वर उचलून क्षणभर बघायची आणि पुन्हा अंधार. तिचा नवरा म्हणाला, "गाणं म्हनते तवा उघडतात बरं का डोळे. म्हनजे नाटकच ना?"

मला पुढं काय बोलायचं ते शोधावं लागलं नाही. माझ्याजवळ कागद होता. तो मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवला, मान डावीकडे असल्यामुळे हात लांब करून. तो कागद माझा होता, डोळ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. पण 'ढोंग नाही' हे शब्द त्यात होते. त्यानं कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. आठवड्याभरात आम्ही तिला नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हाही डिस्टोनियाच, पापण्यांचा.

कुपी आली ती एकच. एकदा त्यात पाणी मिसळलं की ती त्याच दिवशी वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. डोळ्यांना थोडंसं पुरतं, मानेला बरंच लागतं. दोघींना पुरेल इतकी ती नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कागदोपत्री कुपी माझ्या नावावर आहे.

"आधी तिच्या डोळ्यांना द्या," मी म्हटलं. "उरेल ते माझ्या मानेत सोडा."

हे मी मोठ्या मनानं केलं असं नाही. मनात कुठंतरी वाटत होतं की डॉक्टर म्हणतील, नको, दोघींना पुरेल. ते तसं म्हणाले नाहीत. त्या वेळी माझी मान अर्धीच सुटली, आणि ठणका पूर्ण गेला नाही. मी आठवडाभर चिडचिड केली, घरच्यांवर, पोरांवर, सगळ्यांवर.

मग एका सकाळी दार वाजलं. मी उघडलं. दारात ती सेलूची बाई उभी होती, एकटी. वर्ध्याला बस बदलून आली होती, बसच्या पाट्या स्वतः वाचून. डोळे उघडे, टक्क. आम्ही तीनदा भेटलो होतो, पण तिनं मला कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तिनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, वळलेल्या मानेशी जरा थांबली.

"तुमी अशा दिसता व्हय!" ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं. "अशीच दिसते. ये, आत ये."